मेंबर आहात का?

गेटवर पहिला प्रश्न हाच. "मेंबर आहात का?"

नाही म्हटलं. "गेस्ट?" तेही नाही. "मग काय काम?" म्हटलं, काम काही नाही, आत मुलींची गोल्फची स्पर्धा सुरू आहे ना, ती बघायची आहे. वॉचमनने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या आईकडे. आई आदल्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मंगरूळपीरहून पुण्याला आली होती. पायात साधी चप्पल, हातात कापडी पिशवी, पिशवीत पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि पाण्याची बाटली. वॉचमन माणूस चांगला होता. त्याने आत फोन लावला, दोन मिनिटं "हो साहेब, हो साहेब" केलं आणि मग आम्हाला सांगितलं, "बघणाऱ्यांसाठी काही ऑर्डर नाही."

म्हणजे बंदी नाही आणि परवानगीही नाही. बघायला कोणी येईल हे कोणाच्या डोक्यातच आलेलं नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे याला 'ही केस हँडलच केली नाही' म्हणतात, आणि अशी केस सुटून गेली की दोष कोड लिहिणाऱ्याचा असतो, युजरचा नाही.

क्लबचं नाव लिहीत नाही. मला एका क्लबशी भांडायचं नाहीये. माझं भांडण त्या वाक्याशी आहे. आणि थोडं तुमच्याशी.

*

आधी हे सांगायला हवं, की वाशिम जिल्ह्यातल्या एका पोराला गोल्फचं खूळ लागलं कुठून. (मी आणि वाशिम जिल्हा एकाच वर्षीचे, १९९८ चे. दोघांकडूनही लोकांच्या फार अपेक्षा नसतात.) आमच्याकडे गोल्फ म्हणजे हिंदी सिनेमातल्या हिरॉइनचा बाप. पांढरे बूट, शेजारी सेक्रेटरी, आणि "हमारी बेटी का हाथ" वगैरे. मंगरूळपीरला दादा हयात कलंदरांचा दर्गा आहे, बिरबलनाथ महाराजांची यात्रा भरते, तालुक्यातून आता समृद्धी महामार्ग जातो. गोल्फ मात्र नाही. नसल्याचं दुःखही नाही.

७ ऑगस्ट २०२१. शनिवार. कोविडमुळे घरूनच काम चालू होतं, नोकरी नवी होती, झोपेचा पत्ता नव्हता. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अदिती अशोक पदकाच्या जागेवर खेळत होती आणि अख्खा देश पहाटेपासून 'बोगी म्हणजे काय' असं सर्च करत होता. मीही. लाइट गेली होती, फोनच्या डेटावर चित्र अडकत अडकत येत होतं. आई चहा घेऊन आली.

"काय पाहून रायला रे?"

"गोल्फ. ऑलिम्पिक हाये. आपली पोरगी मेडलवर हाये."

"कोन गावची?"

"बंगलोरची."

"अन् थे बॅग धरून हाये, थे बाई कोन?"

"तिची माय."

आई बसली. कप हातातच राहिला. खेळाडूची बॅग वाहणारा, तिला सल्ला देणारा जो माणूस असतो त्याला कॅडी म्हणतात, आणि टोकियोत अदितीची कॅडी तिची आईच होती. रिओला २०१६ मध्ये वडील होते. हे मी सांगितल्यावर माझ्या आईने मला गोल्फचा एकही नियम विचारला नाही. तिला जे कळायचं होतं ते कळलं होतं. मध्येच वादळी हवेमुळे खेळ थांबला, तेव्हा ती स्वयंपाकघरात गेली आणि पुन्हा सुरू झाल्यावर मी हाक मारायच्या आत परत आली.

शेवट तुम्हाला माहीत आहे. चार दिवसांत अदितीचे २६९ फटके, तिच्या वरच्या दोघींचे २६८, सोनं जिंकणाऱ्या नेली कोर्डाचे २६७. अठराव्या होलवरचा तिचा पट गेला नाही. जागतिक क्रमवारीत २०० वी असलेली मुलगी चौथी आली. एका फटक्याने. आई म्हणाली, "जाऊ दे, माय होती सोबत."

त्याच संध्याकाळी नीरज चोप्राचा भाला ८७.५८ मीटरवर पडला आणि सकाळ विसरली गेली. त्यात चूक काही नाही. सोनं ते सोनं. पण त्या सकाळी स्टेटस ठेवणाऱ्यांपैकी तुम्ही असाल तर एक विचारतो. २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये अदितीने रौप्यपदक जिंकलं, गोल्फमध्ये तिथे पदक मिळवणारी ती पहिली भारतीय बाई. तेव्हा कुठे होतात? मी एका रिलीजमध्ये अडकलो होतो. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणून वर 'थोडं तुमच्याशी' म्हटलं, त्यात मीही आलो.

टोकियोचा तो सामना कासुमिगासेकी कंट्री क्लबवर झाला. या क्लबमध्ये २०१७ पर्यंत बायकांना पूर्ण सभासदत्व मिळत नव्हतं. ऑलिम्पिकवाल्यांनी दट्ट्या लावला तेव्हा नियम बदलला. आणि कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी होती. म्हणजे भारतीय महिला गोल्फमधली सगळ्यात मोठी सकाळ अशा कोर्सवर उगवली, जिथे चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत बाई सभासद होऊ शकत नव्हती आणि त्या दिवशी बघायला कोणी जाऊ शकत नव्हतं. टोकियोत निदान साथीचं कारण होतं. पुण्यात कुठली साथ आहे?

*

दुसऱ्या दिवशी आम्ही आत गेलो. ऑफिसातल्या एका मुलाचे काका मेंबर निघाले. त्यांनी फोन केला आणि काल नसलेली ऑर्डर आज तयार झाली. गेटवरच्या रजिस्टरमध्ये 'कोणाकडे' असा रकाना होता. मी तिथे 'स्पर्धा बघायला' असं लिहिलं. वॉचमनने ते नीट, पट्टीने खोडावं तसं खोडलं आणि काकांचं नाव लिहिलं. मला कॉलरचा टी-शर्ट घालून यायला सांगितलं होतं. आईच्या साडीबद्दल कोणाकडे नियम नव्हता, म्हणून ती सुटली.

आता जे सांगतो ते टीव्हीवर दिसत नाही.

क्रिकेटमध्ये तुम्ही बसता आणि खेळ लांब असतो. गोल्फमध्ये जागाच नसते. तुम्ही खेळाडूबरोबर चालता. अठरा होल म्हणजे सात-आठ किलोमीटर, चार-साडेचार तास, आणि या सगळ्या वेळात एक व्यावसायिक खेळाडू तुमच्यापासून दहा-बारा पावलांवर असते. तिचा श्वास ऐकू येतो. ड्रायव्हरचा फटका बसतो तेव्हा आधी कानात एक कोरडा आवाज, मग चेंडू दिसेनासा, मग खूप वेळाने, दोनशे मीटरच्या पुढे कुठेतरी, एक पांढरा ठिपका उडी मारतो. लोखंडी क्लबने मारलं की हिरवळीचा तळहाताएवढा तुकडा उडतो आणि कॅडी जाऊन तो पुन्हा जागच्या जागी बसवतो, पायाने दाबतो. आई ते बघून म्हणाली, "चांगले संस्कार हायेत."

आम्ही ज्या तिघींच्या मागे चाललो त्यातली एक विशीतली होती. नाव लिहीत नाही, तिने काही मला विचारून तिथे चूक केली नव्हती. बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, तिचा चेंडू गेला. पहिल्या फटक्यात निघाला नाही. दुसऱ्यात निघाला तो हिरवळीच्या पलीकडे. पुढच्या टीवर ती बॅगेवर बसली, अर्धं केळं खाल्लं, उरलेलं सालीत गुंडाळून ठेवलं, आणि मग उठून दिवसभरातला सगळ्यात सरळ फटका मारला. त्या दोन फटक्यांच्या मधली पाच-सात मिनिटं मला कुठल्याही हायलाइट्समध्ये मिळाली नसती. टाळ्या वाजवल्या त्या आम्ही दोघांनीच. तिने चमकून मागे पाहिलं. टाळ्यांची तिला सवय नव्हती.

तिथे 'शांतता राखा' अशी पाटी होती. राखायला कोणी नव्हतं.

नाही, खोटं बोललो. होत्या. कोर्सवर निंदणाऱ्या बाया होत्या. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला रुमाल, हातात खुरपं, ओळीने बसून गवतातलं गवत काढत होत्या. चेंडू यायचा असला की माळी हाक मारायचा, बाया उठून झाडाखाली जायच्या, आणि तेवढा वेळ बघायच्या. सराईतपणे बघायच्या. एकीने आईला सांगितलं, "ती पिवळ्या टोपीवाली लांब हाणती, पण जवळ आली की घाबरती." मी स्पर्धेची आकडेवारी रात्री पाहिली. बाई बरोबर होती.

आईने तिला विचारलं, कोणत्या गावच्या? परभणीकडच्या. मग दोघींचं सोयाबीनच्या भावावर सुरू झालं. आमच्याकडे निंदण म्हणजे दरवर्षी माझ्या आईच्या कमरेचं दुखणं. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की महाराष्ट्रातल्या त्या कोर्सवर मराठी बोलणाऱ्या बाया होत्या त्या खुरपं घेऊन. आणि व्यावसायिक महिला गोल्फचा आपल्याकडचा जाणकार प्रेक्षक म्हणावा तर तोही त्याच. त्यांना तिकीट लागत नाही, कारण त्या मजुरीवर आहेत.

*

"पण गोल्फ श्रीमंतांचा खेळ आहे ना भाऊ."

हे वाक्य मला मित्रांनी इतक्या वेळा ऐकवलंय की आता त्याचा राग येण्याऐवजी कंटाळा येतो. हो, आहे. सभासदत्व लाखांत, सेटची किंमत विचारू नका. मग पुढे? तुमचं म्हणणं असं की खेळ श्रीमंतांचा आहे म्हणून आपण बघायचा नाही. क्लबचं म्हणणं असं की बघायला कोणी येत नाही म्हणून दार उघडायचं नाही. दोघं एकमेकांची वाट बघत बसलेत. आम्ही याला डेडलॉक म्हणतो. तो आपोआप सुटत नाही, एका बाजूला मारावं लागतं.

आणि हा खेळ सगळ्यांसाठी सारखा बंद नाही, हे आपण सोयीने विसरतो. पुरुषांसाठी एक मागचं दार होतं. १९९१ ला इंडियन ओपन जिंकणारा अली शेर दिल्लीच्या कोर्सवर कॅडी होता. २००९ ला तीच स्पर्धा जिंकणारा मुनियप्पा बंगलोरचा, तोही कॅडीच. एस. एस. पी. चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर हिरवळ सांभाळायचे, त्याने २०१६ आणि २०१७ अशी दोनदा इंडियन ओपन जिंकली, ऑलिम्पिक खेळला. बॅगा वाहता वाहता, गवत कापता कापता, टाकून दिलेल्या क्लबने मारत ही माणसं वर आली. आली कारण ती आत होती आणि रोज बघत होती.

मुलींसाठी ही वाट मला दिसत नाही. कॅडींच्या रांगेत मला सगळे पुरुष दिसले. चौरसियाचा बाप मुलाला कोर्सवर घेऊन येऊ शकला. परभणीच्या त्या बाईने मुलीला आणलं तर तिच्या हातात काय येईल? खुरपं. म्हणून मग व्यावसायिक गोल्फ खेळणाऱ्या मुली बहुतेक करून त्या घरांतल्या, जिथे फी भरता येते किंवा ज्यांना छावणीतल्या कोर्सचं दार उघडं असतं. दीक्षा डागरचे वडील लष्करात कर्नल. ऐकू येण्याची अडचण असलेली ही डावखुरी मुलगी २०१९ ला दक्षिण आफ्रिकेत युरोपियन दौऱ्याचं विजेतेपद जिंकते, डेफलिंपिक्समध्ये सुवर्णपदक आणते. तिचं कौतुक कमी करत नाहीये. एवढंच म्हणतोय की भिंत आधी कोणाला अडवते ते बघा.

आता खुद्द अदितीचं बघा. तिच्या घरात गोल्फ कोणी खेळत नव्हतं. साडेपाच वर्षांची असताना आईबापांबरोबर बंगलोरच्या एका रेस्टॉरंटमध्ये नाश्त्याला गेली, तिथून खाली कर्नाटक गोल्फ असोसिएशनचा सराव चाललेला दिसत होता. लोक काहीतरी मारताहेत, ओरडताहेत. तिला बघायचं होतं. तिथून सुरुवात. तेरा वर्षांनी, २०१६ ला, गुरुग्रामच्या महिला इंडियन ओपनमध्ये ती युरोपियन दौऱ्याचं विजेतेपद जिंकणारी पहिली भारतीय झाली. त्या हॉटेलच्या आणि कोर्सच्या मध्ये दहा फुटांची भिंत असती तर?

*

आता पाण्याचं. हे टाळून मला घरी तोंड दाखवता येणार नाही.

उन्हाळ्यात नळ आला की आमची गल्ली कामधंदा सोडते. ड्रम, गुंड, बादल्या, पातेली, जे असेल ते. त्या कोर्सवर सकाळी स्प्रिंकलर फिरत होते. आई थांबली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "आपल्या हरभऱ्याले असं भेटलं असतं तं." एवढंच. मला पुढचे दोन होल खेळ दिसला नाही.

तर पाण्याचा प्रश्न खरा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. २०१६ च्या दुष्काळात हायकोर्टाने आयपीएलचे मे महिन्यातले सामने महाराष्ट्राबाहेर पाठवले, लातूरला रेल्वेने पाणी नेलं, तेव्हा कोणी खेळाचा अपमान झाला म्हटलं नाही. पण माझा एक अनुभव आहे. हा प्रश्न मला त्याच लोकांनी विचारला जे वर्षभर गोल्फ कोर्सच्या शेजारी राहतात आणि एरवी काही विचारत नाहीत. मी मुलींची स्पर्धा बघायला गेलो म्हटल्यावर त्यांना पाणी आठवलं. अहो, ते गवत तीनशे पासष्ट दिवस पाणी पितं. शनिवारी मेंबर खेळतात तेव्हाही पितं. स्पर्धेचे ते तीन दिवस ते जास्त पीत नाही. पाणी कुठलं, प्रक्रिया केलेलं की पिण्याचं, किती, हे दर महिन्याला मागा, मीही सही करतो. पण खेळणाऱ्या मुलींवर तो हिशोब फाडू नका.

देशातले कितीतरी कोर्स लष्कराच्या किंवा सरकारी जमिनीवर आहेत. जमीन आणि पाणी सगळ्यांचं असेल तर निदान खेळ तरी सगळ्यांना दिसू द्या. नाशिककरांना हे सांगावं लागत नाही. त्यांच्या शहराच्या मध्यभागी 'गोल्फ क्लब मैदान' आहे. खरं नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. तिथे रणजीचे सामने होतात, लोक सकाळी चालायला जातात. नावातला गोल्फ तेवढा राहिला.

*

"बघायला येणार कोण?" हा आयोजकांचा प्रश्न. याचं उत्तर नवी मुंबईत मिळालंय. २०२३ ला विमेन्स प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा बायका आणि मुलींना फुकट प्रवेश दिला. पोरी आया-मावश्यांना घेऊन आल्या. २ नोव्हेंबर २०२५ ला त्याच डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारताने वर्ल्ड कप जिंकला तेव्हा मैदान भरून वाहत होतं. सांगलीची स्मृती मानधना त्या पहिल्या लिलावात ३ कोटी ४० लाखांना गेली होती. आपल्या महिला गोल्फच्या एका लेगला सगळ्या खेळाडूंची मिळून बक्षिसाची रक्कम दहा-पंधरा लाखांच्या आसपास असते. त्यातून प्रवास, हॉटेल, कॅडी ज्याचं त्याने. कट चुकला तर सहसा हातात काही नाही. मी म्हणत नाही की गोल्फचं क्रिकेट होईल. चार तास सात किलोमीटर चालणारा प्रेक्षक तेवढा मिळणार नाही. पण दोनशे मिळतील, आणि दोनशेही आज शून्याच्या पुढे आहेत.

अमेरिकेत १९५० ला तेरा बायकांनी स्वतःचा व्यावसायिक दौरा सुरू केला. स्पर्धेची जाहिरात त्यांनीच करायची, नियमांचे वाद त्यांनीच सोडवायचे, आणि मग खेळायचंही त्यांनीच. आपल्या मुलींवर ती वेळ येऊ नये. माझ्या मागण्या साध्या आहेत आणि एकाही मागणीला पैसे लागत नाहीत. स्पर्धेच्या आठ दिवस आधी मराठी पेपरात आणि इन्स्टाग्रामवर वेळापत्रक द्या. कोण किती वाजता पहिल्या टीवर आहे एवढं पुरतं. गेटवरच्या माणसाला ऑर्डर द्या, लेखी, की बघणाऱ्यांना सोडा. चप्पल चालेल म्हणून सांगा. शेजारच्या महापालिका शाळेतल्या सातवी-आठवीच्या मुलींना एक दिवस आणा, आणि बसवून भाषण करू नका, चालू द्या त्यांना खेळाडूंच्या मागे. कॅडीच्या कामाला मुली घ्या. ही शेवटची सगळ्यात अवघड आहे हे मला ठाऊक आहे, म्हणूनच ती सगळ्यात महत्त्वाची.

आणि 'कोणी बघितलं नाही तरी खेळ तो खेळच' असं म्हणणाऱ्यांना मार्गारेट ॲबटची गोष्ट सांगतो. १९०० साली पॅरिसला नऊ होलची एक स्पर्धा होती, ती या अमेरिकन मुलीने ४७ फटक्यांत जिंकली. तिला वाटलं, शहरातली एक स्पर्धा. ते ऑलिम्पिक होतं, हे तिला कोणी सांगितलंच नाही. १९५५ ला ती वारली तोपर्यंत आपण ऑलिम्पिक विजेत्या आहोत हे तिला माहीत नव्हतं. तिच्यानंतर ऑलिम्पिकमध्ये महिलांचं गोल्फ परत यायला ११६ वर्षं लागली.

परवा आईचा फोन आला. हरभरा कसा आहे, शेलूबाजारला उतरण्याऐवजी थेट बस मिळते का, धाकट्या मामाचं काय झालं, सगळं झाल्यावर म्हणाली, "त्या पोरीइचं यंदा कवा हाये?"

म्हटलं, अजून कुठे लिहून आलेलं नाही.

"त्या निंदनवाल्या बाईले इचार," आई म्हणाली. "तिले मालूम असन."